गुरूची कबर आणि गुरूचे गीत

शास्त्रपाठ : अनुवाद ३१:१९–२२, अनुवाद ३४:५–९, इब्री लोकांस पत्र १३:७, ८.

खेडोपाडीच्या आपल्या बंधुभगिनींस शेजारीपाजारी एक प्रश्न विचारीत असतात. तुम्ही ख्रिस्ती लोक श्राद्ध घालीत नाही, पिंड देत नाही, कावळ्यास घास ठेवीत नाही. मग तुमच्या मेलेल्या माणसांचे तुम्ही करता तरी काय? हा प्रश्न नेहमीच कुचेष्टेने केलेला असतो असे नाही. पुष्कळदा तो खऱ्या नवलाने केलेला असतो, आणि तो ऐकून आपला मनुष्य गोंधळतो. घरच्या मृतांविषयी उत्तर देणे कठीण आहेच. परंतु ज्याने मांडीला मांडी लावून आपणांस प्रभूची पदे पाठ करविली, ज्याने आपल्या हाती प्रथम टाळ दिला, चुकलो तर रागे भरला आणि साधले तर पाठीवर हात फिरविला, असा गुरू प्रभुवासी झाला म्हणजे तो प्रश्न सबंध मंडळीपुढे येऊन उभा राहतो. आता त्याचे करावयाचे काय? ह्या आठवड्याचा धडा त्याविषयी आहे.

आपल्या पहिल्या शास्त्रपाठात मोशे मरणोन्मुख आहे. चाळीस वर्षे ज्या लोकांस त्याने वाहून आणिले त्यांच्याबरोबर देशात जाणे त्याच्या वाट्यास नाही. अशा समयी देव त्यास काय आज्ञा करितो? स्मारक उभारावयास सांगत नाही. एक गीत लिहावयास सांगतो, आणि ते नुसते लिहून ठेवावयास नव्हे, तर लोकांस शिकवून त्यांच्या मुखी बसवावयास सांगतो. मोशे त्याच दिवशी ते लिहितो व शिकवितो. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. मरावयास निघालेला मनुष्य एक नवे पद शिकवीत बसला आहे! पुढे चौतिसाव्या अध्यायात त्याचा मृत्यू वर्णिला आहे, आणि तेथे स्पष्ट म्हटले आहे की त्याची कबर कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही. कबर हरवली; गीत हरवले नाही. प्रकटीकरणाच्या पंधराव्या अध्यायात जय पावलेले लोक काचेच्या समुद्राजवळ उभे राहून वीणा घेऊन गातात, तेव्हा मोशेचे गीत त्यांच्या मुखी आहे, आणि त्याच्या शेजारी कोकऱ्याचे गीत आहे.

तरी इस्राएल लोक रडले नाहीत असे कोणी समजू नये. ते मवाबाच्या मैदानात तीस दिवस रडले. स्तेफनाला पुरून भक्तिमान मनुष्यांनी त्याजबद्दल फार शोक केला, असे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. काही उपदेशक प्रेताजवळ रडणाऱ्या बायांस दटावितात व रडणे म्हणजे अविश्वास असे सांगतात. त्यांनी हे दोन्ही उतारे काढून पाहावेत. पौल थेस्सलनीकाकरांस जे लिहितो ते आशा नसलेल्यांसारखा खेद करू नये म्हणून लिहितो. खेदच करू नये असे तो कोठेही म्हणत नाही.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील वचन ह्या धड्याचे मुख्य सूत्र होय. ज्यांनी देवाचे वचन सांगितले त्या पुढाऱ्यांची आठवण ठेवा, त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला तो न्याहाळा, आणि त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवा, असा त्याचा आशय आहे. लेखक विश्वास म्हणतो, आवाज म्हणत नाही, आणि हा भेद पुढे आपल्या कामी येणार आहे.

गीताच्या गुरूचे स्मरण लोक कसे करितात हे पाहावयास आम्ही वाचकांस अमेरिकेत नेतो. तेथील कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांत जी उपासनेची गीते वाढली त्यांस गॉस्पेल, म्हणजे सुवार्तेची गीते, असे म्हणतात. ह्या लोकांचे पूर्वज दास होते. पुष्कळ ठिकाणी त्यांस अक्षर शिकण्याचीही बंदी होती. म्हणून गीत मुखानेच शिकावे, मुखानेच शिकवावे, अशी त्यांची रीत पडली. आपल्या भजनी मंडळ्यांस ती रीत परकी वाटणार नाही.

ह्या परंपरेच्या आरंभी चार्ल्स अल्बर्ट टिंडली यांचे नाव घ्यावे लागते. ते १८५१ साली मेरीलंड प्रांतात जन्मले. बाप दास, आई स्वतंत्र. शाळा मिळाली नाही; वाचावयास ते आपले आपणच शिकले. फिलाडेल्फिया शहरी एका मेथडिस्ट प्रार्थनामंदिरात झाडलोट करण्याची चाकरी त्यांनी केली, आणि पुढे त्याच मंडळीचे ते पाळक झाले. ज्या हाताने केरसुणी धरिली त्याच हाताने त्यांनी दुःखितांसाठी गीते लिहिली. ते १९३३ साली वारले.

टिंडली यांचे ऋण मानणारा मनुष्य म्हणजे टॉमस अँड्र्यू डॉर्सी. हे १८९९ साली जॉर्जिया प्रांतात व्हिला रिका येथे जन्मले. बाप फिरता उपदेशक, आई बाजा वाजविणारी. परंतु तरुणपणी शिकागोस गेल्यावर डॉर्सी नाचरंगाच्या ठिकाणी पियानो वाजवू लागले व लौकिक गाण्यांत त्यांनी मोठे नाव मिळविले. पुढे ते सुवार्तेच्या गीतांकडे वळले, आणि जी लय त्यांनी बैठकीत वाजविली होती तीच त्यांनी उपासनेत आणिली. कित्येक मंडळ्यांनी त्यांस दारातूनच परत लाविले. ह्यात आम्हांस फारसे नवल वाटत नाही. तमाशाच्या फडात ढोलकी वाजविणारा मनुष्य रविवारी भजनात येऊन बसला, आणि तोच ठेका त्याने धरिला, तर आपले पंच काय म्हणतील ते वाचकांनीच मनात आणावे. तरी शिकागोच्या दोन बॅप्टिस्ट मंडळ्यांनी त्यांस जागा दिली. त्यांपैकी पिलग्रिम मंडळीत त्यांनी पुढे सुमारे चाळीस वर्षे गायनवृंद शिकविला.

१९३२ च्या ऑगस्ट महिन्यात ते सेंट लुई शहरी सभांस निघाले. घरी त्यांची पत्नी नेटी बाळंत होण्याच्या बेतात होती. थोडी वाट गेल्यावर गीतांची पिशवी घरी राहिली असे त्यांच्या ध्यानात आले, म्हणून ते परत फिरले. पत्नी निजली होती. तिला न जागविता पिशवी घेऊन ते पुन्हा निघाले. सभा चालू असताना तार आली. नेटी बाळंतपणात वारली होती. मूलही लवकरच गेले. आई व मूल ह्यांस त्यांनी एकाच पेटीत ठेवून मातीस दिले.

पुढे काही दिवस त्यांनी गीत लिहिण्याचे सोडले. देवाने आपणावर अन्याय केला असे त्यांस वाटे. मग एके दिवशी एका मित्राच्या संगतीत ते पियानोपाशी बसले असता, एका जुन्या परिचित चालीवर शब्द आले. तेच त्यांचे 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत. त्यात पांडित्य नाही. थकलेला मनुष्य अंधारात प्रभूकडे हात पुढे करितो, इतकेच त्यात आहे. हे गीत आम्ही येथे ह्यासाठी सांगतो की पुढे ते गुरूंच्या प्रेतांपुढे शिष्यांनी गावयाचे गीत झाले, आणि ते कसे झाले हे पाहणे बोधाचे आहे.

डॉर्सी यांस शिष्य पुष्कळ. सॅली मार्टिन हिचा कंठ खरखरीत होता, आणि आरंभी तो डॉर्सी यांस फारसा रुचला नाही असे सांगतात. पण तिने त्यांचा सगळा हिशेब मार्गी लाविला व गावोगाव फिरून गायनवृंद उभे केले. गुरूला गाणारा शिष्य मिळतो तसा हिशेब ठेवणारा शिष्यही लागतो! दुसरी शिष्या महेलिया जॅक्सन. ही १९११ साली न्यू ऑर्लीन्स येथे जन्मली, गरिबीत वाढली, आणि १९२७ च्या सुमारास शिकागोस आली. डॉर्सी तिला घेऊन मंडळ्यामंडळ्यांत जात. ती गाई आणि ते छापलेली गीते विकीत. त्यांनी तिला श्वास कसा घ्यावा, स्वर कसा आवरावा हे शिकविण्याचा पुष्कळ यत्न केला. तिने काही घेतले, बरेचसे सोडले, आणि आपल्याच रीतीने गात राहिली. हा शिष्येचा उद्धटपणा होता काय? आमच्या मते नव्हता. कित्ता विश्वासाचा गिरवावयाचा आहे. कित्येक तरुण गायक आपल्या मास्तरांचे खाकरणेसुद्धा हुबेहूब उचलतात, आणि मास्तर पहाटे उठून प्रार्थना करीत ते मात्र उचलीत नाहीत.

आता मृत्यूंकडे येऊ. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस शहरी मार्टिन ल्यूथर किंग यांचा वध झाला. गोळी लागण्यापूर्वी थोड्याच क्षणांमागे त्यांनी एका वादकास त्या रात्रीच्या सभेत डॉर्सी यांचे हेच गीत वाजवावयास सांगितले होते. ती सभा त्यांच्या वाट्यास आली नाही. त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी ते गीत महेलिया जॅक्सन हिने गाइले.

चार वर्षे लोटली नाहीत तो २७ जानेवारी १९७२ रोजी महेलिया स्वतः वारली. शिकागोत तिच्या अंत्यविधीस हजारो लोक लोटले, आणि तेथे तेच गीत अरेथा फ्रँक्लिन हिने गाइले. जिने दुसऱ्याच्या पेटीपुढे ते गाइले होते तिच्याच पेटीपुढे आता ते गाइले जात होते. गीताचा कर्ता डॉर्सी तेव्हा हयात होता.

ही अरेथा कोण? डेट्रॉइट शहरच्या एका बॅप्टिस्ट पाळकाची कन्या. ती दहा वर्षांची होण्यापूर्वीच तिची आई वारली. महेलिया आणि क्लारा वॉर्ड नावाची दुसरी थोर गायिका ह्या दोघी त्यांच्या घरी येत जात. अरेथा लहान असताना तिची एक आत्या वारली, आणि अंत्यविधीच्या वेळी क्लारा वॉर्ड हिने डॉर्सी यांचेच 'पीस इन द व्हॅली' हे गीत म्हटले. गाताना क्लारेस इतका भर आला की तिने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर फेकली. ते पाहून त्या मुलीने मनात ठरविले की आपण गावयाचे. ही गोष्ट अरेथा पुढे जन्मभर सांगत असे. वाचकहो, प्रेतापुढे जेव्हा आपण पद म्हणतो तेव्हा मागे दाराशी कोणते लेकरू उभे आहे हे आपणांस ठाऊक नसते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मुलांस अशा प्रसंगी घराबाहेर काढून देतात. लहानग्यांस भय वाटू नये म्हणून तसे करणे समजण्याजोगे आहे, तथापि गीताच्या वेळी तरी त्यांस आत घ्यावे असे आम्हांस वाटते.

ह्याच कथेत जेम्स क्लीव्हलँड यांचे नाव येते. हे १९३१ साली शिकागोत जन्मले आणि बाळपणी डॉर्सी यांच्याच गायनवृंदात पातळ सुरात गात. घरी वाद्य घेण्याची ऐपत नव्हती. मग ह्या मुलाने खिडकीच्या चौकटीवर पियानोच्या पट्ट्या आहेत असे मानून त्यावर बोटे चालविण्याचा अभ्यास केला, आणि रोबर्टा मार्टिन ही वादिका रविवारी जे वाजवी ते घरी येऊन मुक्या लाकडावर वाजवून पाहिले. मोठेपणी त्यांनी डेट्रॉइट येथे अरेथेला पियानोचे धडे दिले. १९७२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस शहरी एका बॅप्टिस्ट मंदिरात लागोपाठ दोन रात्री अरेथेने सुवार्तेची गीते गाइली; क्लीव्हलँड पियानोवर बसले होते, आणि दुसऱ्या रात्री समोर क्लारा वॉर्ड ऐकत बसली होती. त्या गायनात डॉर्सी यांचे ते गीतही होते. पुढे दोन आठवड्यांच्या आत महेलिया गेली. वर्षभरानंतर, १९७३ च्या जानेवारीत, क्लारा गेली, आणि तिच्याही अंत्यविधीस अरेथा गाइली. क्लीव्हलँड १९९१ साली गेले. अरेथा स्वतः १६ ऑगस्ट २०१८ रोजी वारली.

तिचा अंत्यविधी सुमारे आठ तास चालला आणि पेटी सोन्याच्या मुलाम्याची होती. हे आम्हांस रुचत नाही, आणि तसे लिहिण्यास आम्हांस संकोच नाही. कर्ज काढून तेराव्याचे जेवण घालण्याची चाल ज्यांनी सोडिली त्यांनी कर्ज काढून मिरवणुकीची दुसरी चाल धरू नये. ह्या गायकांपैकी सर्वांचे चरित्र सर्वांशी अनुकरणीय होते असेही आम्ही म्हणत नाही. धन, मान व कलह ह्यांपासून तेही मुक्त नव्हते. परंतु पत्राच्या लेखकाने पुढाऱ्यांची आठवण ठेवावयास सांगून लगेच पुढच्या वचनात येशू ख्रिस्त काल, आज व सर्वकाळ तोच आहे हे कशासाठी सांगितले? पुढारी बदलतात, थकतात, चुकतात, मरतात, म्हणूनच सांगितले. गुरूचे दोष झाकून त्यास देव्हाऱ्यावर बसविले की आपण त्याचे स्मरण करीत नाही, दुसऱ्याच कोणाचे तरी करितो.

डॉर्सी यांचा शेवट ध्यानात घेण्याजोगा आहे. ते २३ जानेवारी १९९३ रोजी, त्र्याण्णव वर्षांचे होऊन वारले. म्हातारपणी त्यांस विस्मृतीचा रोग जडला. ज्याची गीते लाखोंच्या मुखी होती त्याची स्वतःची स्मृती मावळत गेली. ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत त्यांस ह्याचे दुःख सांगावयास नको. पण पूर्वीच त्यांनी आपली गीते दुसऱ्यांच्या मुखी ठेवून दिली होती. पिलग्रिम मंडळीची ती इमारतही ६ जानेवारी २००६ रोजी आगीत सापडली व बाहेरच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. डॉर्सी यांचे गीत मात्र पुढच्या रविवारीही अनेक ठिकाणी गाइले गेले असेल.

आपल्या देशीही असे दाखले आहेत. अहमदनगराकडे ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घालणाऱ्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे होते; ते १९०८ साली निवर्तले, आणि कीर्तन पुढेही चालत राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी प्रभुवासी झाले तेव्हा त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे होते. थोडेसेच अध्याय झाले होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस बाळपणी शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख त्यांस लग्नानंतर पतीकडूनच झाली. त्यांनी ते काव्य हाती घेऊन साठांहून अधिक अध्याय लिहिले. त्या १९३६ साली गेल्या आणि ग्रंथ १९३८ साली छापून निघाला. पतीच्या नावे रडत बसण्यास त्यांस पुष्कळ कारणे होती, आणि त्या रडल्याही असतील. पण त्यांनी दौतीत टाकही बुडविला.

आता उपदेशकांसाठी थोडे कामाचे. आपल्या गीतपुस्तकात पदाच्या शिरोभागी बहुधा चालीचे नाव छापलेले असते. चाल स्वतः छापलेली नसते. ती कोणा म्हाताऱ्या बंधूच्या किंवा बाईच्या कंठात असते. तो कंठ बंद झाला की पुस्तकातले ते पद मुके होते. मग वर्षानुवर्षे कोणी त्या पानास हात लावीत नाही. अशी किती पाने आपल्या मंडळीच्या पुस्तकात आहेत ते एकदा उलटून पाहावे. ज्या मंडळीत असा वृद्ध गायक हयात आहे तेथील उपदेशकाने त्याच्या मरणाची वाट पाहू नये. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर दोन मुलांस घेऊन बसावे आणि एका वेळी एकच पद घ्यावे. बायका दळताना वा निंदताना जी पदे म्हणतात त्यांच्या चाली पुरुषांस पुष्कळदा ठाऊकच नसतात, म्हणून त्यांच्याकडे बायबल-बाईने जावे. हल्ली पुष्कळांच्या हाती आवाज धरून ठेवणारे यंत्र असते. त्याचा उपयोग अवश्य करावा, पण यंत्रात ठेवलेले पद म्हणजे कणगीतले बी होय. ते पेरल्यावाचून उगवत नाही.

गुरू निघून गेल्यावर त्याच्या पहिल्या वर्षदिनी मंडळीने जमावयास आमची हरकत नाही. मृताची प्रार्थना करू नये, त्याच्या तसबिरीपुढे ऊद जाळू नये, हे आपण जाणतोच. त्या दिवशी त्याने शिकविलेली तीन-चार पदे म्हणावी, आणि ती जुन्या शिष्यांनी नव्हे, तर त्यांनी त्या वर्षी ज्यांस शिकविली त्या मुलांनी म्हणावी. मुले चुकली तर चुकू द्यावी. आणि शेजाऱ्यांस बोलवावे. त्यांचा प्रश्न होता ना, की तुमच्या मेलेल्यांचे तुम्ही करता तरी काय? त्यांनी ओट्यावर बसून ऐकावे.

पुढील आठवड्याच्या धड्यासाठी इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचून यावे. तेथे गाण्यात शिक्षण घेतलेले दोनशे अठ्ठ्याऐंशी जण आहेत, आणि सेवेच्या चिठ्ठ्या टाकताना लहान व थोर, गुरू व शिष्य ह्यांत भेद केलेला नाही. असे का केले असावे ह्याचा प्रत्येकाने विचार करून ठेवावा.